अणदूरला आजच्या आज फुले

413603. फुले पाठवण्याच्या कोणत्याही संकेतस्थळावर गेले की आधी पिनकोड विचारला जातो. कोणासाठी, कशासाठी, कोणती फुले, हे सगळे नंतर. पुण्याचा 411 ने सुरू होणारा आकडा टाकला की पडद्यावर गुलाब, लिली, ऑर्किड यांची रांग लागते आणि काही तासांत पोच मिळेल असे आश्वासन येते. 413603 टाकला की ती रांग आखडते. कुठे ‘उद्या’ असे उत्तर येते, कुठे फुलांऐवजी कुरिअरने जाणारा सुक्या मेव्याचा डबा पुढे केला जातो, आणि कुठे ‘आजच’ असेही लिहून येते. हे ‘आजच’ कसे घडते, फुले नेमकी कुठून निघतात आणि कोणाच्या हातून जातात, हे पाठवणाऱ्याला सहसा ठाऊक नसते.

हा आकडा अणदूरचा आहे. धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे हे मोठे गाव. सोलापूरहून निघालेली गाडी नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदी मागे टाकून सव्वा तासाच्या आत-बाहेर इथे पोहोचते. गावाची ओळख खंडोबामुळे आहे, तशी डॉ. शशिकांत अहंकारी यांनी उभ्या केलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनमुळेही आहे. खेड्यातल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून घडवण्याचे काम इथून झाले. बाकी गाव मराठवाड्यातल्या कोणत्याही मोठ्या गावासारखे: कमी पाऊस, सोयाबीन आणि तूर, आणि शिकून पुण्या-मुंबईला, हैदराबादला गेलेली मुले. फुले पाठवायची असतात ती या मुलांना. आईची साठी, वडिलांची सेवापूर्ती, बहिणीचे बाळंतपण, आणि आपल्याला रजा मिळालेली नाही.

पिनकोड आधी विचारतात त्याला कारण आहे. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावडा तालुक्यातही अणदूर आहे. गावाचे नाव तेवढे लिहिले तर गुच्छ घाटाच्या तोंडाशी जायचा. जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाले, पण कित्येक याद्यांत अजून उस्मानाबाद आहे. तिथेही गोंधळ होतो. सहा आकड्यांना हे घोळ लागत नाहीत. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली, आणि ती बसवणारे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे नावाजलेले पंडित आणि कवी होते. त्यांच्या रचनेत पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाची छाननी करणारा जिल्हा सांगतात, आणि शेवटचे तीन नेमके टपाल कार्यालय. तुळजापूर 413601, नळदुर्ग 413602, अणदूर 413603. यातला 413 हा सोलापूरचा. महसूल खात्याच्या लेखी अणदूर धाराशिवचे असले तरी टपालाने ते अर्धशतकापूर्वीच सोलापूरच्या पदरात घातले होते. पत्राची वाट जी, फुलाचीही तीच. अणदूरला आज फुले पोहोचायची असतील, तर बहुधा ती सोलापूरहूनच निघतात.

पुण्यात पैसे भरले म्हणून पुण्यातली फुले अणदूरला जात नाहीत, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. जाते ती मागणी.

ही युक्ती जुनी आहे. बर्लिनमधले फूलविक्रेते माक्स ह्यूबनर यांनी 1908 मध्ये गावोगावच्या फूलवाल्यांची संघटना बांधली. एका शहरात गिऱ्हाइकाने पैसे द्यायचे, दुसऱ्या शहरातल्या सभासदाने आपल्या दुकानातली ताजी फुले पोहोचवायची, आणि हिशेब दोघांनी आपसात मिटवायचा. यातून पुढे ‘फ्लोरॉप’ उभी राहिली. अमेरिकेतल्या फूलवाल्यांनी 1910 मध्ये हेच तारेवर सुरू केले आणि संस्थेचे नावच ‘फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी’ ठेवले. पायाला पंख असलेला रोमन देवदूत मर्क्युरी हे तिचे चिन्ह झाले. 1946 मध्ये युरोप, ब्रिटन आणि अमेरिका इथल्या संघटना मिळून ‘इंटरफ्लोरा’ झाली. नाशवंत माल हलवायचा नाही, निरोप हलवायचा, एवढ्या एका विचारावर जगभरचा धंदा उभा राहिला. भारतात दिल्लीत 1994 मध्ये ‘फर्न्स एन पेटल्स’ सुरू झाले, मग इंटरनेट आले आणि फुलांचा निरोप संकेतस्थळावरून जाऊ लागला. आपल्याकडची तार 2013 च्या जुलैमध्ये बंद झाली. तिने आणलेल्या ठरावीक शब्दांतल्या शुभेच्छा लग्नमंडपात मोठ्याने वाचून दाखवल्या जात. त्या काळात फुलेही तारेने मागवता येतात हे अणदूरच्या वाट्याला कधी आले नाही. ते आले ते थेट मोबाइलवर.

आता एक मागणी सकाळपासून धरून पाहू. समजा, कोथरूडमध्ये राहणाऱ्या मुलीने सकाळी साडेनऊला आईसाठी बारा गुलाबांचा गुच्छ नोंदवला. संकेतस्थळाचा अणदूरला कोणी माणूस नाही, म्हणून मागणी सोलापूरच्या जोडीदार दुकानाकडे जाते. दुकानदार फोनवर पत्ता पक्का करतो. पत्ता असतो ‘खंडोबाच्या देवळामागे’ किंवा ‘शाळेजवळ’, आणि तो बरोबरच असतो, कारण गावात कोणालाही विचारले तरी घर सापडते. गुलाब कापून, कामिनीची पाने आणि जिप्सीचे पांढरे तुरे लावून, कागदात गुंडाळून गुच्छ तयार व्हायला अर्धा तास पुरतो. खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. सोलापूर ते अणदूर पंचावन्न-साठ किलोमीटर. मोटरसायकलवर पोऱ्या पाठवला तर जाऊन-येऊन सव्वाशेच्या घरात. लिटरला पन्नास किलोमीटर धरले तरी अडीच लिटर पेट्रोल, म्हणजे शंभराच्या वर गेलेल्या भावाने अडीचशे रुपये, आणि पोऱ्याचा अर्धा दिवस. पाचशे रुपयांच्या गुच्छात हे बसत नाही. त्यात संकेतस्थळाचा वाटा वेगळा.

म्हणून दुकानदार वाट पाहतो. त्या बाजूची आणखी एखादी मागणी आली, नळदुर्गची किंवा उमरग्याची, तर एका फेरीत दोन्ही होतात. नाहीतर गुच्छ ओळखीच्या गाडीवाल्याकडे दिला जातो, किंवा पार्सल म्हणून एसटीने जातो आणि अणदूरच्या फाट्यावर कोणीतरी तो उतरवून घेतो. 1948 च्या जूनमध्ये पुणे–अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून वर्तमानपत्राचे गठ्ठे, औषधे, डबे आणि फुलांच्या करंड्या हे सगळे खेड्यात जायचे ते याच एसटीतून. मोबाइलच्या पडद्यावर ‘वाटेत आहे’ असे लिहून येते तेव्हा ती वाट बऱ्याचदा इतकी जुनी असते. यात फसवणूक काही नाही. उलट, एवढ्या अडचणीतून गुच्छ संध्याकाळपर्यंत पोहोचतो याचे श्रेय पडद्याआडच्या या माणसांना कोणी देत नाही, आणि ते द्यायला हवे.

पण पोहोचतो तेव्हा तो कसा असतो?

तोडलेले फूल जिवंतच असते. झाडापासून सुटले तरी त्याचा श्वास चालू राहतो. साठवलेली साखर जाळायची आणि उष्णता बाहेर टाकायची, हे काम पाकळ्या करत राहतात, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की हा श्वास दुप्पट-तिप्पट वेगाने चालतो. म्हणून गुलाबाचा व्यापार शून्याच्या जरा वरच्या थंडीत होतो. मावळातल्या हरितगृहांतून व्हॅलेंटाइन दिनासाठी परदेशी जाणारा गुलाब कळी मिटलेली असतानाच पहाटे तोडतात, लगेच पाण्यात आणि शीतगृहात ठेवतात, आणि विमानापर्यंत ही थंडी तुटू देत नाहीत. तोच गुलाब एप्रिलच्या दुपारी, चाळीस-बेचाळीस अंशांत, सोलापूरहून अणदूरला मोटरसायकलच्या मागे निघाला की त्याचे तास भराभर सरतात. वारा लागून पाकळ्यांतले पाणी उडते. देठाच्या कापलेल्या टोकातून हवेचा बुडबुडा आत शिरतो आणि पाण्याची बारीक नळी अडवतो. मग नंतर कितीही पाण्यात ठेवले तरी मान वर होत नाही. घरी आलेल्या गुलाबाचे देठ पाण्याखाली धरून पुन्हा तिरपे कापावेत असे माळी सांगतात ते एवढ्यासाठी. अडलेले टोक जाते आणि नळी पुन्हा मोकळी होते.

दुसरा शत्रू दिसत नाही. अमेरिकेतल्या क्रॉकर आणि नाइट या दोन शास्त्रज्ञांनी 1908 मध्ये, म्हणजे बर्लिनची ती संघटना उभी राहिली त्याच वर्षी, कार्नेशनची फुले अकाली का मिटतात याचा छडा लावला. दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅसची गळती त्याला कारण होती, आणि त्यातला इथिलीन हा वायू. हाच वायू पिकणारी फळेही सोडतात. आंब्याच्या अढीत आंबा आंब्याला पिकवतो तो याच वायूच्या जोरावर. आता भेटवस्तूंच्या यादीतला तो लोकप्रिय जोड आठवून पाहावा: फळांची टोपली आणि सोबत कार्नेशनचा गुच्छ. बंद गाडीत तासभर दोन्ही शेजारी ठेवले की केळी आणि आंबे त्या फुलांचे आयुष्य कापत असतात. गुलाबालाही हा वायू कमी-अधिक बाधतो. शेवंतीला मात्र तो फारसा काही करू शकत नाही. अँथुरियम आणि ऑर्किड यांचे पुन्हा निराळे. ही उष्ण प्रदेशातली फुले, गुलाबाला मानवणाऱ्या थंडीत ती काळवंडतात. एकाच गुच्छात गुलाब आणि अँथुरियम बांधले तर थंडीत ठेवावे की बाहेर, याला उत्तर नाही.

जर्बेराचे दुखणे देठात असते. दक्षिण आफ्रिकेतून आलेले हे मोठे, रंगीत फूल महाराष्ट्रातल्या हरितगृहांनी आपलेसे केले, पण त्याचा पोकळ, मऊ देठ अस्वच्छ पाण्यात लगेच सडतो, जंतूंनी नळ्या बुजतात आणि फूल मान टाकते. दुकानात त्याच्या देठाला तार किंवा प्लॅस्टिकची नळी लावतात ती शोभेसाठी नसते.

या सगळ्यातून एक गोष्ट ठामपणे सांगता येते. साठ किलोमीटर उन्हातून जायचे असेल तर संकेतस्थळावर सर्वांत देखणी दिसणारी फुले सर्वांत वाईट. शेवंती, ॲस्टर, झेंडू, निशिगंधाचे दांडे, ही फुले प्रवास सोसतात. आणि यातली बरीचशी अणदूरला यायला सोलापूरहून निघावीच लागत नाहीत.

अणदूरमध्ये फुले रोज येतात. देव गावात आहे म्हटल्यावर ती यावीच लागतात. इथला खंडोबा दोन गावांचा: मूर्ती एक आणि देवळे दोन. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. देव नेताना-आणताना दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत करार करण्याची प्रथा चालत आली आहे, आणि पौष पौर्णिमेला मैलारपुरात मोठी यात्रा भरते. भंडारा हा खंडोबाचा मुख्य मान, पण बेल-फुलाशिवाय पूजा होत नाही. रविवारी आणि चंपाषष्ठीला ते नेहमीपेक्षा जास्त लागते. देव मुक्काम हलवतो तशी हारांची मागणीही या गावाहून त्या गावाला सरकते. शिवाय जवळच, चाळीसेक किलोमीटरवर, तुळजापूर. भवानीच्या नवरात्रात या पट्ट्यातले कितीतरी झेंडूचे वाफे त्या नऊ दिवसांवर डोळा ठेवूनच लावलेले असतात.

देवळाच्या वाटेवर पाटी मांडून बसणारा हारवाला हा या गोष्टीतला खरा माणूस. शहरातल्या दुकानात काचेमागे शीतकपाट असते. त्याच्याकडे ओले गोणपाट, पाण्याची बादली आणि सावली असते. फूल कधी तोडायचे, कशात गुंडाळायचे, किती पाणी शिंपडायचे, हे तो पुस्तकाशिवाय जाणतो. झेंडू पोत्यात ठासून भरला की आतला माल स्वतःच्याच श्वासाने तापतो आणि काळा पडतो, म्हणून तो सावलीत पसरून ठेवायचा. मोगऱ्याची कळी सकाळी मिटलेली असतानाच खुडायची, म्हणजे गजरा संध्याकाळी उमलतो. गुलछडी, म्हणजे निशिगंध, सुटी असेल तर किलोवर आणि दांड्यासकट असेल तर नगावर. गलांडा दिसायला साधा, पण पाणी कमी असलेल्या रानातही येतो, म्हणून या भागाच्या हारांत तो हटकून असतो. दोऱ्यात ही फुले ओवताना दोन फुलांमधली जागा, मधला गोंडा, खालचा लोंबता तुरा, हे सगळे हाताला पाठ असते. फुलारी हे आडनाव सोलापूर आणि मराठवाड्यात सर्वत्र भेटते. देवळात बेल-फूल पुरवणारे गुरवही याच परंपरेतले.

आणि ‘आजच्या आज’ म्हणाल तर ती सेवा अशी गावे कितीतरी पिढ्यांपासून देत आली आहेत. कारण माणूस गेल्याची बातमी आगाऊ कळत नाही. सोलापूर, तुळजापूर, उमरगा या पट्ट्यात लिंगायत समाज मोठा आहे. त्यांच्यात देह बसवून, फुलांनी सजवून अंत्ययात्रा काढण्याची आणि भूमीत समाधी देण्याची रीत आहे. पहाटे निरोप आला की दुपारच्या आत हार हवेत, सजावट हवी, आणि तीही अशी की घरच्यांनी मान खाली घालू नये. हारवाला त्या दिवशी भाव करत नाही. जमेल तेवढी फुले कुठूनही गोळा करतो, शेतातून आणवतो, शेजारच्या गावाला माणूस धाडतो. फुले पोहोचवण्याचा सर्वांत कठीण प्रकार कोणता असेल तर हा, आणि तो कोणत्याही पडद्यावर ‘वाटेत आहे’ असे न दाखवता पार पडत आला आहे.

मग कोथरूडच्या त्या मुलीने काय करावे? सरळ उत्तर असे, की बारा गुलाबांचा हट्ट सोडावा आणि अणदूरच्याच माणसाकडून अणदूरची फुले आईच्या हातात द्यावीत. गावात चुलतभाऊ असतो, शाळेतली मैत्रीण असते, किराणा दुकानदार असतो. त्यांच्यापैकी कोणाकडून तरी हारवाल्याचा फोन मिळतो. 2016 मध्ये यूपीआय आले आणि पाटीवर बसणाऱ्या माणसापुढेही चौकोनी छापाचा कागद चिकटवलेला दिसू लागला; पुण्याहून दोनशे रुपये त्याच क्षणी त्याच्या खात्यात पडतात. ह्यूबनर यांच्या संघटनेला जे साधायला सभासद, नियम आणि हिशेबवह्या लागल्या, ते आता दोन फोनवर होते. मधला वाटा कोणाला जात नाही. दोनशे रुपयांत शेवंतीची भरगच्च वेणी, मोगऱ्याचा गजरा आणि देवासाठी हार एवढे सहज येते, आणि ते तासाभरापूर्वी ओवलेले असते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. आईला गुच्छच हवा असतो. हार देवाला, पुढाऱ्याला आणि फोटोला. माणसाच्या हातात द्यायचा तो गुच्छ, असे आता गावातही पक्के झाले आहे. टीव्हीवरच्या मालिकांत, मुलीच्या पदवीदानात, दवाखान्यात, सगळीकडे तिने कागदात गुंडाळलेला गुच्छ पाहिलेला असतो. शेजारणीच्या मुलाने पाठवला तसा आपल्याही मुलीने पाठवावा, यात चुकीचे काय आहे? काहीच नाही. पण गुच्छ म्हणजे गुलाबच असे कोणी ठरवले? पांढऱ्या निशिगंधाचे सात-आठ दांडे, भोवती पिवळी शेवंती, दोन-चार ॲस्टर, खाली अशोकाची पाने, एवढ्यातून होणारा गुच्छ पाण्यात ठेवला तर चार-पाच दिवस टिकतो आणि रात्री घरभर वास देतो. हरितगृहातल्या गुलाबाला बहुतेक वेळा वास नसतोच. लांब देठ, रंग आणि टिकाऊपणा यांच्यामागे लागताना तो हरवत गेला. हारवाल्याने असा गुच्छ आधी बांधला नसेल तर मोबाइलवर एक फोटो पाठवावा. हातात कला असतेच, मागणी करणारे कोणी नसते.

ही मागणी शेतापर्यंत पोहोचली तर आणखी बरे. या भागातला फूलशेतकरी आज सणांच्या जुगारावर जगतो. झेंडू लावला की साधारण दोन महिन्यांत फूल लागते. दसरा, दिवाळी गाठली तर पैसे होतात, चार दिवस मागे-पुढे झाले किंवा सगळ्यांचा माल एकाच सकाळी बाजारात आला तर भाव कोसळतो आणि फुले रस्त्याकडेला टाकून शेतकरी घरी परततो. वर्तमानपत्रात तो फोटो दरवर्षी असतो. रोज थोडीथोडी, ठरलेल्या भावाने फुले घेणारे कोणी असेल तर हा जुगार थोडा कमी होतो. त्याच्या उलट दिशेने ढकलणारी गोष्ट म्हणजे प्लॅस्टिकची फुले. मंडप, मोटार, देव्हारा, सगळीकडे ती शिरली. एकदा घेतली की दहा लग्ने निघतात. त्यांच्यावर बंदी घालावी ही फूलउत्पादकांची मागणी 2025 मध्ये राज्याच्या विधिमंडळात जोरात मांडली गेली. बंदीचे काय व्हायचे ते होवो, पण अणदूरच्या मंडपात खरी शेवंती लागावी की चिनी कापडाची, हे मंडपवाल्याला सांगणारे यजमानच असतात, आणि त्यांनी ते सांगितले पाहिजे.

फुले पाठवताना थोडी समजही पाठवावी लागते. दवाखान्यात बाळंतिणीला उग्र वासाची गुलछडी नको. शेवंती किंवा गुलाब ठीक. दुःखाच्या घरी गुच्छ नको, हार किंवा सुटी फुले. वडिलांच्या सेवापूर्तीला शाल, श्रीफळ आणि हार ही रीत आहे. तिथे एकट्या गुच्छाने सत्कार अर्धवट वाटतो, म्हणून पाठवायचे तर हारच पाठवावा, आणि तो त्यांना कोण घालणार हेही आधी ठरवावे. सोबत चिठ्ठी जाणार असेल तर ती मराठीत, आपल्या शब्दांत लिहून हारवाल्याला व्हॉट्सॲपवर धाडावी. तो मुलाकडून वहीच्या कागदावर उतरवून देतो. संकेतस्थळावरच्या छापील चार ओळींपेक्षा आई ती जास्त दिवस जपते.

वेळेचेही भान हवे. उन्हाळ्यात फुले घरी पोहोचायची तर सकाळी दहाच्या आत किंवा सहानंतर. मधल्या वेळेत कोणाचीही फुले कोणीही ताजी पोहोचवू शकत नाही. लग्नतिथी दाट असलेल्या दिवशी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा असताना आणि पौष पौर्णिमेला मैलारपुरात गर्दी उसळते तेव्हा सोलापूरचे दुकान असो की देवळाच्या वाटेवरची पाटी, हात रिकामे नसतात आणि भावही दुपटीवर जातो. अशा दिवशी फोन केला तर हारवाला आढेवेढे घेत नाही, आज जमणार नाही असे सांगून टाकतो. आदल्या संध्याकाळी सांगून ठेवले तर निशिगंधाचा आणि शेवंतीचा हार तो रात्रीच ओवतो, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवतो आणि सकाळी सातला घरपोच करतो. मोगरा मात्र सकाळच्या तोडणीनंतरच, आणि तोही हंगाम असेल तरच मिळतो.